पंधरा सेकंदांची नाडी

हेदवीच्या आसपासच्या वाड्यांत 'कुसुम आग्रे' म्हणून विचारलंत तर माणसं जरा विचारात पडतील. 'उपकेंद्रातल्या नर्सबाई' म्हणालात तर शेंबडं पोरही घरापर्यंत आणून सोडेल. तीस वर्षांच्या नोकरीतली सत्तावीस वर्षं कुसुमने त्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात काढली. ज्यांच्या नाळा तिने कापल्या, त्यांच्या मुलांना पुढे तिनेच डोस पाजले. कुणाला दिवस गेलेत, कुणाची साखर वाढली आहे, कोण गोळ्या घेतो म्हणून सांगतो आणि परड्यात फेकतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. नवरा वारल्यावर तिने एकुलत्या एका मुलीला, शमिकाला, याच पगारावर शिकवलं आणि पुण्याला दिलं. गावात तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढत नसे. नर्सबाईंनी हात लावला की अर्धा ताप उतरतो, असं म्हाताऱ्या बायका म्हणत.

तिचं माहेर वेळणेश्वरला, एसटीने फार तर अर्ध्या तासावर. तिथे तिचा थोरला भाऊ गंगाराम पाष्टे राहत असे. कुसुम नर्स झाली ती त्याच्यामुळे. दहावीनंतर वडील तिचं लग्न ठरवायला निघाले, तेव्हा गंगाराम आडवा पडला होता. "तिला शिकूं दे. माझं डोकं चाललं नाय, तिचं चालतंय," एवढंच तो बापाला म्हणाला आणि दोन दिवस जेवला नाही. मग स्वतःच तिला घेऊन रत्नागिरीला गेला, फॉर्म भरून घेतला. फॉर्मवर सही करायची वेळ आली तेव्हा त्याने अक्षरं जुळवत एवढा वेळ घेतला, की मागच्या माणसाने तोंड वाजवलं. गंगारामने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

तो सुपारीच्या बागांतून चढायचं काम करी. पायांत दोराची वेढी, कमरेला कोयती, आणि चाळीस-पन्नास फूट उंच, मांडीएवढ्या जाड पोफळीवर तो सरसर वर जाई. एका झाडाचे घड उतरवले की खाली न येता झाड हलवून झोका घेई, आणि शेजारचं झाड धरून त्याच्यावर जाई. एकदा चढला की वीस-पंचवीस झाडं करूनच जमिनीला पाय लावायचा. बागवाले त्याची तारीख मिळावी म्हणून महिनाभर आधी निरोप धाडत. साठी उलटली तरी पोटाला वळी नव्हती. अशा माणसाला काही आजार असेल, असं कुणाच्या मनात येणार?

पण होता. २०१४ च्या भाऊबीजेला कुसुम ओवाळायला गेली, तेव्हा पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. वाडीतल्या म्हाताऱ्यांचे मोजून झाले तसा सहज म्हणून तिने गंगारामच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या घरात निघाला. तिने पुन्हा मोजला. तोच.

"दादा, डोकं दुखतं का? गरगरतं?"

"छ्या. काय बी नाय."

तिने त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन गोळी सुरू करून दिली. दोन महिने त्याने घेतली. मग बंद केली. कशाला बंद केलीस विचारलं तर म्हणाला, "दुखत-खुपत नाय तर गोळी कशाला? आनी एकदा लागली की सुटत नाय म्हनतात." ती रागावली, त्याने पुन्हा सुरू केली, पुन्हा सोडली. असं चालत राहिलं. आपल्या हद्दीतला रुग्ण असता तर कुसुमने त्याच्या दारात ठाण मांडलं असतं. पण हा भाऊ. भावाला बोलायचं ते सणासुदीला, आणि सणासुदीला कटकट नको म्हणून थोडं कमीच.

तीन वर्षांनी गणपतीत ती माहेरी गेली होती. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि गंगाराम ओटीवर येऊन खांबाला टेकून बसला. चेहरा उतरलेला होता.

"काय झालं रे?"

"छातीत मासळी तडफडल्यागत होतंय, बाय. जाळ्यातून काढून टोपलीत टाकल्यावं कशी उडते, तसं. मदी मदी होतं. बसलं की जातं."

तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी कशीही धावत होती. एक ठोका, लगेच घाईघाईने दोन, मग रिकामी जागा, मग तीन-चार एकदम. असली नाडी तिने कधी हाताखाली घेतली नव्हती असं नाही, पण ती मरणाच्या दारातल्या माणसांची. ती घाबरली. त्याला पाणी दिलं, आडवं केलं, शेजारची रिक्षा सांगितली. रिक्षा येईपर्यंत पाऊण तास गेला आणि तेवढ्यात नाडी शहाण्यासारखी चालू लागली. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला. पट्टी सरळ, स्वच्छ. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं, "आत्ता ठोके नॉर्मल आहेत म्हणून पट्टीवर काही आलं नाही. त्रास होत असतानाच काढला तर सापडेल. नाहीतर चिपळूणला चोवीस तास छातीला लावून ठेवायचं यंत्र मिळतं, ते लावून या. टाळू नका."

एवढ्या सगळ्या वाक्यांतला 'नॉर्मल' हा एकच शब्द कुसुमने घरी आणला. वहिनीला, काशीला, तिने तोच सांगितला. फोनवरून मुंबईच्या भाच्याला, गंगारामच्या विनीतलाही तोच. सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. चिपळूणचं यंत्र दिवाळीनंतर बघू असं ठरलं. दिवाळीनंतर सुपारी उतरवायचे दिवस आले. मग शिमगा आला.

गंगाराम त्या तडफडीला सरावला. वर्षातून चार-पाच वेळा व्हायचं, ते महिन्यातून होऊ लागलं. झाडावर असताना झालं तर तो पोफळीला मिठी मारून डोळे मिटून थांबे, आणि मग उतरे. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कुसुम फोनवर विचारी, "थांबतं ना आपलं आपण?"

"थांबतं."

"मग ठीक आहे. गोळी घेतोस ना?"

"घेतंव."

दोघांनाही ठाऊक होतं की यातलं दुसरं उत्तर खोटं आहे.

मग ते साथीचं वर्ष आलं, आणि त्याच्या पुढचं लसीचं. कुसुमला दिवस-रात्र कळेनाशी झाली. उपकेंद्राच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत रांग लागे. लस शंभर जणांपुरती आणि माणसं अडीचशे. भांडणं, रडारड, मोबाइलवर नावं टाकणं, वरून येणारे फोन. त्या पावसाळ्यातल्या एका दुपारी गंगाराम उपकेंद्रावर आला. एसटी नव्हती, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आला होता. रांगेतल्या माणसांना वाटलं लसीला आलाय, तेव्हा त्यांनी त्याला मागे लावलं. तो मुकाट मागे उभा राहिला. दीड तासाने त्याची पाळी आली तेव्हा कुसुमने मान वर करून पाहिलं.

"अरे दादा, तू? तुझे तर दोन्ही डोस झाले."

"लसीला नाय आलो. ता छातीतला आता थांबत नाय बाय. दोन दोन दिवस चालतंय. चढताना दम लागतो." त्याने आवाज खाली घेतला. "चिपळूनला जायाचं म्हनतंव. चल माझ्यासंगती. तू असलीस की डॉक्टर नीट बोलतात. मला त्यांचं बोलनं उमजत नाय."

गंगारामने आयुष्यात तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही. मागे रांगेत एक बाई लहान मूल घेऊन उभी होती आणि मूल किंचाळत होतं. कुसुमने उभ्या उभ्या त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, पंधरा सेकंद मोजले आणि चाराने गुणले. अठ्ठ्याऐंशी.

"अठ्ठ्याऐंशी आहेत ठोके. घाबरण्यासारखं काही नाही. एवढा लसीचा कॅम्प आटपू दे, पुढच्या आठवड्यात जाऊ आपण."

"बरं," गंगाराम म्हणाला. थोडा वेळ टेबलाशी उभा राहिला आणि निघून गेला. तिने त्याला चहाही विचारला नाही.

पंधरा सेकंदांत ठोके किती ते कळतं. ते कसे पडताहेत हे बोटांना कळायला मन बोटांत असावं लागतं, आणि कुसुमचं मन रांगेत होतं. पुढच्या आठवड्यात दुसरा कॅम्प आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिची सहकारी आजारी पडली. गंगारामने पुन्हा विचारलं नाही. तिनेही मनातल्या मनात धरलं, की पुन्हा विचारलं नाही म्हणजे बरं असेल.

नोव्हेंबरात एका सकाळी सहाच्या सुमाराला काशीचा फोन आला. "ह्ये उठले ते वाकडेच. तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाय, बोलायला बघतात पन बोलनं येत नाय."

कुसुमने १०८ ला फोन लावला, विनीतला कळवलं, आणि स्वतः वाटेत गाडीला येऊन मिळाली. चिपळूणला पोचायला जवळजवळ तीन तास लागले. गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून ठरावीक तासांतच देता येतं. हे झोपेतच झालेलं, त्यामुळे वेळ कधी सुरू झाली हेच कुणाला सांगता येईना. डोक्याचा स्कॅन केला तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूचा मोठा भाग गेलेला दिसला. इंजेक्शनचा उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांनी, भिड्यांनी, कुसुमला आत बोलावलं. तरुण होते. ती नर्स आहे हे कळल्यावर त्यांनी इकोचा पडदा तिच्याकडे वळवला.

"हा डावीकडचा वरचा कप्पा. फुप्फुसातून आलेलं रक्त आधी इथे येतं आणि मग खालच्या कप्प्यात जातं. याची रुंदी चाळीस मिलीमीटरच्या आत असायला हवी. यांची बावन्न आहे." त्यांनी पडद्यावर बोटाने गोल दाखवला. "बीपी किती वर्षं होतं यांना?"

"सात वर्षं. आम्हाला कळल्यापासून."

"गोळ्या?"

"घ्यायचा, सोडायचा."

"असं होतं बघा. बीपीमुळे खालचा कप्पा जाड आणि ताठ होतो. मग त्याच्यात रक्त ढकलायला वरच्याला जास्त जोर लावावा लागतो. त्याची भिंत मुळातच पातळ. ती ताणत जाते, कप्पा फुगतो, आणि भिंतीच्या मांसात जखमेच्या व्रणासारखे धागे तयार होतात. हृदयाचा ठोका म्हणजे विजेची लाट. ती अशा भिंतीतून सरळ जाऊ शकत नाही, जागोजागी अडते, फुटते, गोल फिरते. मग वरचा कप्पा दाबला जातच नाही, नुसता थरथरतो. तेच यांना छातीत जाणवत असणार."

"मासळी तडफडल्यासारखं," कुसुम म्हणाली.

"हं. आणि थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं. त्याला कोपऱ्यात एक पिशवीसारखा खळगा असतो, तिथे गुठळी धरते. ती सुटली की सरळ मेंदूत."

तिने विचारलं, "हे कधीपासूनचं असेल?"

ती कशासाठी विचारते आहे हे डॉक्टरांना बहुतेक कळलं असावं. "कप्पा एका दिवसात एवढा होत नाही. वर्षं लागतात. आणि यात वाईट गोष्ट अशी, की बिघडलेल्या कप्प्यामुळे हे झटके येतात आणि प्रत्येक झटका कप्प्याला आणखी बिघडवतो. सुरुवातीला येऊन जाऊन असतं. तेव्हा पकडलं तर बीपी आवरता येतं, ताल परत आणता येतो, निदान रक्त पातळ ठेवायची गोळी देऊन गुठळी टाळता येते. आता ताल परत आणायचा म्हटलं तरी तो टिकायचा नाही. ठोक्यांचा वेग ताब्यात ठेवायचा आणि पुन्हा गुठळी होऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात."

"तीन-चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

"तर कप्पा असाच सापडला असता. पण गोळी सुरू झाली असती."

पुढचं तिला सांगायची गरज नव्हती. ती बाहेर आली आणि नळाखाली उगाचच हात धुवत राहिली. अठ्ठावीस पानांचं प्रशिक्षणाचं पुस्तक तिला पाठ होतं. नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी, हे त्याच्या पहिल्याच काही पानांत होतं.

गंगाराम जगला. पाय थोडा आला, काठी घेऊन अंगणापर्यंत जाऊ लागला. उजवा हात मात्र छातीशी दुमडून राहिला, आणि बोलणं आलं नाही. सगळं समजायचं त्याला. विनीतचा फोन आला की डोळे भरून यायचे. पण शब्द निघत ते दोनच, 'हा' आणि 'नाय', आणि तेही उलटसुलट. चहा हवा का विचारलं तर 'नाय' म्हणून डावा हात पुढे करायचा. त्याच्या मनातलं काय ते काशी हाताच्या खुणेवरून ओळखायला शिकली.

कुसुम दर रविवारी जायची. त्याचे व्यायाम करून घ्यायची, बीपी लिहून ठेवायची, रक्त पातळ करायची गोळी चुकली नाही ना ते डबी उघडून बघायची. एकदा काशी विहिरीवर गेलेली असताना ती त्याच्या समोर बसली आणि म्हणाली, "दादा, त्या दिवशी तू उपकेंद्रावर आलास आणि मी तुला परत धाडलं. तुझा माझ्यावर राग आहे ना?"

"हा," गंगाराम म्हणाला. मग मान जोरात हलवली. मग पुन्हा "हा". त्याला काहीतरी मोठं सांगायचं होतं. ओठ हलले, कपाळावर घाम आला, आणि शेवटी त्याने डाव्या हाताने खाटेच्या कडेवर एकदा थाप मारली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या 'हा'चा अर्थ 'हो' होता की 'नाही', हे कुसुमला आजही ठाऊक नाही. पुन्हा विचारायचं धाडस तिला झालं नाही.

नोकरीची दीड वर्षं उरली होती. त्या दीड वर्षात तिने समोर आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाची नाडी घड्याळ लावून एक मिनिट मोजली. रांग खोळंबे. आशाताई कुरकुरत, वरचे साहेब एकदा हसले. तशा वेड्यावाकड्या नाडीची तीन माणसं सापडली. एक तर ऐकेचना, आपलं आपण बरं होतं म्हणून निघून गेला. तिने त्याच्या दारी चार खेपा घातल्या आणि शेवटी त्याच्या सुनेला एसटीत बसवून त्याच्याबरोबर धाडलं. एका बाईचा कप्पा अजून फारसा वाढलेला नव्हता. डॉक्टर भिड्यांनी तसं फोन करून कळवलं, "वेळेत पाठवलंत." कुसुमने फोन ठेवला. या शब्दांनी बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर उपकेंद्रात छोटासा समारंभ झाला. सरपंचांनी शाल दिली आणि हजारो लोकांची सेवा केली असं काहीबाही बोलले. दुसऱ्याच दिवशी ती वेळणेश्वरला गेली आणि आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांतल्या एका दुपारी मागच्या पडवीत काशी सुपाऱ्या सोलत होती. गंगाराम आत झोपला होता. कुसुम तिच्याशेजारी बसली, एक सुपारी हातात घेतली, आणि दोन वर्षं पोटात ठेवलेलं सांगायला लागली. रांग, पंधरा सेकंद, अठ्ठ्याऐंशी, पुढचा आठवडा. चहा विचारला नाही, तेही.

काशीचा हात थांबला नाही. "मला म्हायती हाय," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच दिशी येऊन सांगितलं त्यांनी. म्हनाले, बायपाशी लय मानसं हायत, तिला तरास नको द्यायला. मी म्हटलं, मंग आपन दोगं जाऊ. तर म्हनाले, नको. ती येते म्हनालीय ना, तिच्यासंगतीच जाईन."

म्हणजे तो थांबून राहिला होता. तिने धरलं होतं बरं असेल म्हणून, आणि तो तिकडे दर आठवड्याला पुढचा आठवडा मोजत होता.

"मग तू मला फोन का नाही केलास, वहिनी?"

"करनार होते. त्यांनी करू दिला नाय. आनी माझं कदी ऐकलं त्यांनी? गोळ्या तरी ऐकल्या का?" काशीने सोललेली सुपारी सुपात टाकली. "माझा बी दोष हायच की. रोज रातच्याला त्यांच्या छातीवर हात ठेवून झोपायची मी. मला कळत होतं आत कायतरी बरूबर चाललेलं नाय."

कुसुमने हातातली सुपारी सुपात ठेवली आणि विचारलं, "तुझा राग आहे माझ्यावर?"

काशीने तिच्याकडे पाहिलं. "व्हता. लय व्हता. तुमी दर ऐतवारी यायचात आनी ह्या गोष्टीचं अवाक्षर काढायचा नाय, तेचा जास्ती व्हता. आता सांगितलात. थोडा कमी होईल." तिने पुढची सुपारी घेतली. "समदा नाय जायाचा, कुसुमताय. खोटं कशाला बोलू."

कुसुमने मान डोलावली. आतून गंगारामच्या खोकल्याचा आवाज आला, तशी दोघी उठल्या. त्याला कुशीवर वळवायचं होतं. एकीने खांदा धरला, एकीने कंबर. कुसुमने सवयीने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. नाडी तशीच होती, वेडीवाकडी, गोळ्यांनी जराशी संथ केलेली.

"किती?" काशीने विचारलं.

"थांब," कुसुम म्हणाली. "अजून मिनिट नाही झालं."